सोरायसिसच्या रुग्णाला पॅलिएटिव्ह केअर कशासाठी? डिचोलीच्या एका सूनबाईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही राहिलं असेल तर तुम्हाला लगेच कळेल. सासरे पंचाहत्तरीच्या आसपासचे, सोरायसिस (त्वचेवर खपल्यांचे चट्टे उठवणारा जुनाट रोग) पंचवीसेक वर्षांचा. इतकी वर्षं मेथोट्रेक्सेटच्या गोळ्यांवर बरं चाललं होतं. गेल्या वर्षी मूत्रपिंडं कमजोर झाल्याचं निघालं आणि गोळ्या बंद कराव्या लागल्या. तेव्हापासून पाठ, पाय, तळवे, डोकं, सगळीकडे चट्टे पसरले. रात्रभर खाजवतात, सकाळी चादरीवर खपल्यांचा सडा आणि रक्ताचे ठिपके. इस्पितळात कुणीतरी ‘पॅलिएटिव्ह केअरच्या टीमला भेटा’ म्हटलं आणि घरात सगळे बिथरले. दीर म्हणाले, ‘ते कॅन्सरवाल्यांचं, शेवटचं. बाबांना काय तसं झालंय?’ आणि तुम्ही विचारता की हे त्वचेच्या रोगासाठी खरंच असतं का, आणि घेतलं तर चालू उपचार सुटतील का.

असतं, आणि सुटत नाहीत. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे रोग पूर्ण बरा होत नसला तरी त्याचा त्रास कमी करणारी काळजी. त्वचारोगाचा डॉक्टर तोच राहतो, मलमं तीच राहतात. फरक पडतो तो कुठल्या त्रासाला आधी हात घालायचा यात. मी स्वतः त्वचारोगाचा डॉक्टर. आता बराचसा वेळ नर्ससोबत गोव्यातल्या सत्तरी, डिचोली, पेडणे या भागांत घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेले किंवा प्रवास न झेपणारे रुग्ण पाहण्यात जातो. त्यात कॅन्सरचे असतात, पक्षाघाताचे असतात, आणि तुमच्या सासऱ्यांसारखे जुन्या त्वचारोगाचेही असतात.

दिरांना सांगण्यासारखी एक गोष्ट. 2014 च्या मे महिन्यात जिनिव्हाला जागतिक आरोग्य संघटनेच्या आरोग्य सभेचं अधिवेशन झालं. त्याच एका अधिवेशनात दोन ठराव झाले. एकात म्हटलं की पॅलिएटिव्ह केअर हा आरोग्यसेवेचा नेहमीचा भाग असावा. दुसऱ्यात सोरायसिस हा दीर्घकाळ चालणारा, संसर्ग न होणारा, वेदना देणारा, विद्रूप आणि अपंग करू शकणारा, आणि अजून कायमचा बरा न करता येणारा रोग म्हणून मान्य झाला. आपल्याकडे पॅलिएटिव्ह केअरचा राष्ट्रीय कार्यक्रम 2012 सालापासून आहे. त्यात कुठेही ‘फक्त कॅन्सर’ किंवा ‘फक्त शेवटचे दिवस’ असं नाही. रोग हटत नसेल तर त्याच्यापायी होणारा त्रास हटवायचा, एवढंच ते काम आहे आणि ते पहिल्या दिवसापासून करता येतं.

आता कशावर काय अवलंबून आहे ते. मी सासऱ्यांना पाहिलेलं नाही. त्यांचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तातली तपासणी) किती, हृदय कसं आहे, मधुमेह आहे का, ते स्वतः उठून न्हाणीत जातात की धरून न्यावं लागतं, यावर औषधं आणि डोस ठरतात. म्हणून खाली जिथे पोटात घ्यायच्या औषधाचं नाव येईल, ते डॉक्टरांशी बोलायला म्हणून घ्या, दुकानातून आणायला म्हणून नको.

घरची माणसं चट्टे मोजतात, ‘पाठीवरचे कमी झाले, पायावर नवे आले’. रुग्णाचा हिशेब वेगळा असतो: काल झोप किती लागली, शर्ट चिकटला का, कोण येऊन बसलं. 1994 साली ब्रिटनमधल्या कार्डिफला त्वचारोगाच्या रुग्णांसाठी दहा प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झाली, ती आज जगभर वापरतात. गुण शून्य ते तीस. तिच्यात चट्टे किती आणि कुठे, हा प्रश्नच नाही. खाज किती, लाज किती वाटली, बाजारहाट अडला का, कपडे निवडताना त्रास झाला का, असं त्यात विचारतात. शेवटचा प्रश्न तर उपचारांबद्दलच आहे: मलमाने घर खराब होतं का, त्यात फार वेळ जातो का? पहिल्या भेटीत मी याच वाटेने जातो. ‘या सगळ्यातली एकच गोष्ट उद्या कमी झाली तर कुठली व्हावी?’ असं विचारतो आणि गप्प बसतो. उत्तर यायला वेळ लागतो, कारण असं कुणी विचारलेलंच नसतं.

पेडण्याकडच्या एका गावात एक आजोबा होते. अंगभर चट्टे, पण त्यांचं म्हणणं तळहातांपुरतं होतं. हाताला भेगा पडलेल्या, त्यामुळे देवळातल्या भजनाला टाळ धरता येत नव्हता. मुलगा म्हणत होता पाठीचं बघा, पाठ फार वाईट आहे. आम्ही आधी तळहात घेतले. रात्री कोमट पाण्यात हात बुडवायचे, टिपायचे, जाड खपल्यांवर सॅलिसिलिक ॲसिड आणि तीव्र स्टिरॉइडचं मलम, वर भरपूर व्हॅसलीन आणि सुती हातमोजे. काही आठवड्यांत भेगा भरल्या. पाठ होती तशीच होती, पण एकादशीला ते देवळात जाऊन बसले. पाठीचं आम्ही त्यानंतर घेतलं, आणि तेव्हा त्यांनी स्वतःहून करून घेतलं. तोवर ते मलमाचा डबा बघितला की तोंड फिरवत होते.

तुमच्या लिहिण्यावरून सासऱ्यांचा पहिला त्रास खाज आणि झोप हाच दिसतो. म्हणून तिथे जरा जास्त रेंगाळतो.

खाज सोरायसिसचीच आहे असं गृहीत धरू नका. आधी खरूज नाही ना ते बघून घ्या. घरात आणखी कुणाला रात्री खाज येते का? बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, बेंबीभोवती, पुरुषांच्या जननेंद्रियावर पुळ्या आहेत का? म्हाताऱ्या, अशक्त माणसात, त्यातून स्टिरॉइड चालू असतील तर, खरूज जाड खपल्यांच्या रूपात येते आणि हुबेहूब सोरायसिससारखी दिसते. ती ओळखली नाही तर वर्षभर मलमं चोळूनही फरक पडत नाही. ती असेल तर पर्मेथ्रिन हे खरजेचं मलम सगळ्या घराने एकाच रात्री लावायचं आणि आठवड्याने पुन्हा. खपल्यांच्या प्रकाराला मात्र जास्त दिवस आणि जास्त औषध लागतं. दुसरं, गजकर्ण. आपल्याकडच्या पावसात कपडे वाळत नाहीत, काखा-जांघा ओल्या राहतात, बुरशीला आयतंच फावतं. त्यावर दुकानातून आणलेली स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब लावली की दोन दिवस बरं वाटतं आणि मग ते दुप्पट पसरतं. तिसरं, मूत्रपिंडं कमजोर असली की त्यामुळेही अंगभर खाज येते. त्वचेवर काहीही लावलं तरी ती पूर्ण जात नाही. तुमच्या सासऱ्यांच्या बाबतीत हा भाग मोठा असण्याची शक्यता मला वाटते. एकदा कुणी डॉक्टरने अंगावरचे सगळे कपडे उतरवून, चांगल्या उजेडात, नखशिखांत तपासणं यासाठीच गरजेचं.

आंघोळीचं सांगतो. भाणातलं (चुलीवरच्या मोठ्या भांड्यातलं) कडकडीत पाणी अंगावर घेतलं की खाज क्षणभर मरते, म्हणून जुनी माणसं ते सोडत नाहीत. पण त्याने त्वचेतलं उरलंसुरलं तेल निघून जातं आणि तासाभराने खाज दुपटीने उठते. पाणी कोमट ठेवा, आंघोळ दहा मिनिटांत आटपा, साबण फक्त काखा, जांघा आणि पायांपुरता. घासणी, दगड, नारळाची किशी पूर्ण बंद. खपल्या ओरबाडून काढल्या तर सोरायसिसमध्ये जखमेच्याच जागी नवा चट्टा उठतो. पंचाने टिपायचं, पुसायचं नाही, आणि अंग ओलसर असतानाच लावायचं ते लावायचं.

काय लावायचं? साधं व्हॅसलीन, किंवा लिक्विड पॅराफिन, किंवा घरचं घाण्याचं खोबरेल, जिथे त्वचा फुटलेली नाही तिथे. महागडी क्रीम लागतेच असं नाही, पण भरपूर लागतं. अंगभर रोग असलेल्या मोठ्या माणसाला आठवड्याला पाव ते अर्धा किलो लागतं. बहुतेक घरांत पन्नास ग्रॅमची डबी महिनाभर पुरवलेली दिसते आणि मग ‘काही उपयोग होत नाही’ म्हणतात. केसांच्या दिशेने, वरून खाली, हलक्या हाताने. दिवसातून दोनदा तरी, त्यातली एक वेळ झोपण्याआधी. स्टिरॉइडचं मलम मात्र मोजून: बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. तोंडाला आणि जांघेत तीव्र मलम नको.

इथे एक इशारा, जो फारसं कुणी देत नाही. व्हॅसलीन, पॅराफिन, तेल मुरलेले कपडे आणि चादरी चटकन पेट घेतात. सासरे संध्याकाळी देवापुढे समई लावत असतील, विडी ओढत असतील, चुलीपाशी बसत असतील तर हे त्यांना आणि घरातल्या सगळ्यांना नीट सांगा. धुतल्यावरही कपड्यांतला तेलकटपणा पूर्ण जात नाही. आणि तेल लावून लगेच न्हाणीत चालू देऊ नका. या वयात घसरून मांडीचं हाड मोडलं की सोरायसिस बाजूलाच राहतो.

रात्रीसाठी नखं बारीक कापा आणि कानशीने गोल करा. जुन्या धुवून मऊ झालेल्या सुती लुगड्याची चादर करा, अंगात सैल सुती बंडी. खाज उठली की ओला गार पंचा त्या जागेवर ठेवायचा, किंवा फ्रिजमध्ये ठेवलेलं कॅलामाइन लावायचं. पावसाळ्यात कपडे ओलसर असतील तर इस्त्री फिरवूनच घाला. खाजेसाठी बरेचजण झोप आणणारी ॲलर्जीची गोळी देतात. सोरायसिसच्या खाजेवर तिचा उपयोग थोडा, आणि या वयात तिच्याने भ्रम होणं, लघवी अडणं, तोल जाणं हे धोके जास्त. मूत्रपिंडाच्या खाजेवर गाबापेंटिन अगदी थोड्या डोसमध्ये चांगलं चालतं. मूत्रपिंड जितकं कमजोर तितका डोस कमी, हे डॉक्टरच ठरवणार. भूक आणि झोप दोन्ही गेलेली असतील तर मिर्टाझापिनबद्दल विचारा. या दोन्ही औषधांची नावं घरी येणाऱ्या टीमला रोजची असतात.

दुखण्याबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, तरी विचारून बघा. तळव्यांच्या भेगा, चिकटलेली पट्टी काढणं, सकाळी सांधे आखडणं. सोरायसिसमध्ये सांधेही धरतात आणि ते म्हातारपणाच्या खात्यात जातं. मूत्रपिंड कमजोर असताना दुकानातली डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारखी गोळी अजिबात नको. पॅरासिटामॉल डोस विचारून चालतं, आणि ड्रेसिंगच्या अर्धा-पाऊण तास आधी दिलं तर जास्त कामाला येतं. पट्टी चिकटली असेल तर ओढायची नाही. एक लिटर पाणी उकळून त्यात दीडएक छोटा चमचा मीठ घाला, कोमट झाल्यावर त्याने पट्टी भिजवा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा, आपोआप सुटते. ओल्या जागेवर कोरडा कापूस कधीच ठेवू नका, त्यावर व्हॅसलीन मुरलेली जाळीदार पट्टी. अंगावर फोड येऊन फुटणाऱ्या रोगात, म्हणजे पेम्फिगससारख्यात, तर आम्ही केळीचं पान वापरतो. वाफवून, पुसून, थंड करून पाठीखाली घालायचं. ते चिकटत नाही, थंडावा देतं आणि परसात असतंच. सासऱ्यांना त्याची गरज पडेलसं वाटत नाही, पण पाठ ओलावली तर लक्षात असू द्या.

आता पथ्य. ‘मासळी बंद केलीय, अंडं बंद, वांगं बंद, आंबट बंद’ असं तुम्ही लिहिलंय. ताई, मासळी चालू करा. खपल्यांवाटे अंगातली प्रथिनं रोज झडत असतात, त्यात माणूस पेजेवर राहिला की पायाला सूज येते आणि भेगा भरत नाहीत. मासे खाल्ल्याने सोरायसिस वाढतो याला आधार नाही. एखादा पदार्थ खाल्ल्यावर दर वेळी त्रास होतो असं त्यांचं त्यांनी पाहिलं असेल तर तेवढा टाळावा. मूत्रपिंडामुळे मीठ आणि प्रथिनं किती, ते मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना विचारा, आणि त्या मापात सुंगटांचं हुमण (कोळंबीची आमटी) बसवा. सारी हयात शीत-हुमण (भात-आमटी) जेवलेल्या माणसाचं ताट एका झटक्यात बदललं की त्याला आपण आजारीच नव्हे तर घराबाहेरचे झालो असं वाटतं. दारू मात्र खरंच वाईट, ती सोरायसिस भडकवते. फेणीबद्दल त्यांच्याशी सरळ बोला.

ताट-वाटी वेगळी, टॉवेल वेगळा, नातवंडांनी जवळ जायचं नाही, चवथीला पाहुणे आले की ते आतल्या खोलीत. हे तुम्ही ओघात लिहिलंत, पण मला ते खाजेइतकंच मोठं वाटलं. सोरायसिस लागत नाही. हात लावून नाही, ताटातून नाही, अंथरुणातून नाही. खरूज नाही हे डॉक्टरांनी सांगितलं की त्याच दिवशी ताट एकत्र करा. पाठीला तेल लावताना हातमोजे घालू नका. तुमचा उघडा तळहात पाठीवरून फिरतो तेव्हा त्यांना जे कळतं ते कुठल्याच गोळीने कळत नाही. अर्थात सुनेने सासऱ्याला सगळीकडे लावणं दोघांनाही अवघड. डोकं, हात, पाय तुम्ही करा, कमरेचं आणि जांघेचं मुलाने किंवा मोठ्या नातवाने. हे आधी ठरलं नाही तर नेमक्या त्या जागा महिनोन् महिने तशाच राहतात, आणि बुरशी तिथेच वाढते. रोजचं सगळं एकट्या तुमच्यावर असेल तर आठवड्यातली एक रात्र दिरांकडे द्या. झोप तुमचीही मोडते आहे, आणि टीम आली की ती हेही विचारते.

मनाचं विचारायला घाबरू नका. ‘बाबा, कधी असं वाटतं का, की आता जगणं नको?’ असं सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, असलेला बाहेर येतो. होकार आला तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोन-सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

आणि धावायचं कधी, ते. सगळं अंग लाल होऊन तापल्यासारखं झालं, हुडहुडी भरली, पायाला एकाएकी सूज आली, धाप लागली, लघवी कमी झाली, किंवा चट्ट्यांवर पिवळे पू भरलेले बारीक फोड उठले, तर घरी थांबायचं नाही, इस्पितळ गाठायचं. नव्वद टक्के अंग लाल झालं की त्वचा पाणी आणि उष्णता धरून ठेवू शकत नाही आणि हृदयावर ताण येतो. असं बऱ्याचदा पोटातून घेतलेलं स्टिरॉइड एकदम बंद केल्याने होतं. गावठी पुडीत किंवा ‘खाजेच्या इंजेक्शनात’ तेच असू शकतं, म्हणून अशी काही सुरू असेल तर न रागावता विचारून घ्या. घरात मेथोट्रेक्सेटच्या उरलेल्या गोळ्या असतील तर आजच बाजूला काढा. ती मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. कुणी ‘जुनंच औषध आहे’ म्हणून सुरू केली, त्यातही आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली, तर जिवावर बेतते.

मुख्य उपचारांची दारंही बंद झालेली नाहीत. अतिनील किरणांचा उपचार मूत्रपिंडाला झेपतो, पण आठवड्यातून दोन-तीनदा जावं लागतं. डिचोलीहून बांबोळीच्या सरकारी इस्पितळात तेवढ्या खेपा सासऱ्यांना सोसतील का, हे त्यांनाच विचारा. सोसत असतील तर जरूर करा. बायोलॉजिक इंजेक्शनं (सोरायसिसमागची प्रतिकारशक्तीची गडबड नेमकी रोखणारी) मूत्रपिंडावर भार टाकत नाहीत. आधी क्षयाची तपासणी लागते, आणि खर्च मोठा, तेव्हा दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं कार्ड घेऊन काय बसतं ते इस्पितळातच विचारून घ्या. पॅलिएटिव्ह टीम असली की हे निर्णय घेणं सोपं जातं, कारण तुमच्या घरात काय झेपतं ते त्यांनी पाहिलेलं असतं.

टीम यायची असेल त्या दिवशी घरातल्या सगळ्या गोळ्या, ट्यूबा, तेलं, काढे एका पिशवीत घालून ठेवा. रिकाम्या ट्यूबाही टाकू नका, त्यावरून काय काय लावून झालंय ते कळतं. शेवटचा रक्ताचा रिपोर्ट वर ठेवा. तोवरच्या आठ रात्री कॅलेंडरवर फक्त एवढं लिहा: किती वेळा उठले, किती वाजता झोपले. आणि दिरांना त्या वेळी घरी थांबायला सांगा. त्यांच्या शंका त्यांनी स्वतःच टीमला विचाराव्यात, बाबांच्या समोर.